घासू नका, टिपा

तामोरे बाईंच्या शोकसभेत चुरी सर म्हणाले, "मॅडमनी एका मोठ्या व्यसनावर मात केली. हा त्यांचा आदर्श आपण सगळ्यांनी डोळ्यांसमोर ठेवू या." समोर बसलेल्या शिक्षकांनी माना डोलावल्या. दोघींनी डोळ्यांना रुमाल लावले. टेबलावर बाईंचा हार घातलेला फोटो होता. स्टुडिओवाल्याने संगणकावर त्यांचा चेहरा इतका गोरा आणि गुळगुळीत करून ठेवला होता की, खाली नाव नसतं तर फोटो कोणाचा हे मला ओळखता आलं नसतं.

बाईंनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. ताडी नाही, मोहाची नाही, दमणहून येणारी सीलबंद बाटलीतली नाही. ही गोष्ट त्या हॉलमध्ये बसलेल्या निम्म्या लोकांना नक्की ठाऊक होती आणि उरलेल्या निम्म्यांना ठाऊक करून घ्यायची नव्हती. ग्रंथपालाचा आवाज सभेत पोचत नाही. पोचला असता तरी त्या सभेला तो नको होता. म्हणून सावकाश बसून लिहिते आहे.

प्रभा तामोरे आमच्या तलासरीच्या शाळेत विज्ञान शिकवत. मूळच्या आगरच्या, मच्छीमार घरातल्या. वडील गेले, भाऊ होडीवर जात राहिला, बाई शिकल्या. लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं तर "कोणी विचारायला आलं ते माझ्याहून कमी शिकलेलं होतं, आणि जे जास्त शिकलेलं होतं ते जास्तच मूर्ख होतं," असं सांगत. मी डहाणूला राहते. त्यामुळे आमची एसटी एकच. आशागड, चारोटी, मग हायवेवर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची कमान, मग तलासरी. बाई नेहमी डाव्या बाजूला बसत. सकाळी जाताना डावीकडे आणि संध्याकाळी येताना पण डावीकडे. मला पहिल्यांदा तो हट्ट वाटला. मग त्यांनी नववीच्या वर्गाला हाच प्रश्न घातलेला मी ऐकला: हायवेवर सकाळी उत्तरेला जाणाऱ्या आणि संध्याकाळी दक्षिणेला येणाऱ्या माणसाने ऊन टाळायला कुठल्या बाजूला बसावं? वर्गात एका मुलीला उत्तर आलं. स्टाफरूममध्ये एकालाही आलं नाही. बाईंनी तिथेही विचारलं होतं.

ऊन टाळायचं कारण त्यांचा चेहरा. दोन्ही गाल आणि नाक लाल, कुणीतरी नुकतीच थोबाडीत मारल्यासारखं. कधी त्या लालीवर बारीक पुटकुळ्या येत. कधी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचे. चुलीजवळ उभं राहिलं, तिखट खाल्लं, उन्हात चाललं, कुणावर चिडल्या, की लाली वाढून चेहरा पेटायचा. बाई बहुतेक वेळ कुणावर तरी चिडलेल्याच असत.

म्हणून त्या पौषातही छत्री घेऊन चालत. काळी, लांब दांड्याची, पुरुषी छत्री. बसस्टँडवर कोणी ना कोणी विचारायचंच, "मॅडम, पाऊस कुठाय?"

"पावसाला कोण घाबरतं?" बाई म्हणत आणि पुढे निघून जात.

चहाचंही तसंच. शिपायाने टेबलावर कप ठेवला की बाई त्याच्याकडे बघतही नसत. तास घेऊन येत, वह्या तपासत, आणि चहावर साय धरली की ती चमच्याने बाजूला काढून तो पाण्यासारखा पीत. लोक बघून शहारत. "कढत चहा पिणारे घाईत असतात," त्या मला म्हणाल्या होत्या, "आणि यांच्यातल्या एकालाही काही काम नाही."

आपल्याकडे दुसऱ्याच्या चेहऱ्याला सातबारा लागत नाही. कोणीही येऊन त्यावर नांगर धरतो. आमच्या स्टाफरूममध्ये सगळे पदवीधर, पण बाईंचा चेहरा दिसला की प्रत्येकाच्या अंगात आजीबाई यायची. बेसन लावा. हळद लावा. लिंबू चोळा, लिंबाने रक्त शुद्ध होतं. चिकूची साल घासा. मुलतानी माती. गोमूत्र. एका सरांनी तर ताडीचा शिरका सुचवला होता, कापसाने लावायचा. रसायनशास्त्रात पदवी घेतलेल्या बाईंनी त्यांना विचारलं, "सर, तुमच्या बाथरूमच्या फरशीला काय लावता?"

"ॲसिड."

"लिंबू-शिरकाही ॲसिडच. त्याने ती फरशी उजळली की मला सांगा. आधी तिच्यावर बघू, मग माझ्यावर."

असं बोलल्यावर माणसं दुखावतात. दुखावलेली माणसं पुढे काय करतात हे बाईंना ठाऊक असायला हवं होतं. पण त्यांना त्याची पर्वा नव्हती. गंमत ही की, त्या कधीकाळी माणसांवर विश्वास ठेवत. हे त्यांनी मला बसमध्ये एकदाच सांगितलं, चारोटीच्या पुलावर बस अडकली होती तेव्हा. लाली नवी होती त्या दिवसांत त्यांच्या वहिनींनी औषधांच्या दुकानातून एक ट्यूब आणून दिली होती. आगरच्या अर्ध्या बायका ती लावत. गोरं करते म्हणे. बाईंनी लावली. पहिले काही दिवस चेहरा असा झाला की, वहिनी दारातूनच ओरडल्या, बघा, म्हटलं नव्हतं मी? मग ती ट्यूब लावल्याशिवाय चेहरा राहीनासा झाला. एक दिवस सोडली तर आग व्हायची, म्हणून परत लावायची. महिने गेले. शेवटी बाई वापीला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी ट्यूब हातात घेतली, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाले, यात स्टिरॉइड आहे, हे तोंडाला फासायचं नसतं. तुम्हाला रोझेशिया आहे. या मलमाने तो विझला नाही, वर भडकला.

"बरा होईल?" बाईंनी विचारलं.

"बरा होतो असं नाही. सांभाळायचा असतो. त्याला डिवचायचं नाही."

"म्हणजे आमच्या सहकाऱ्यांसारखा," बाई म्हणाल्या. डॉक्टर हसले की नाही ते त्यांनी सांगितलं नाही.

तेव्हापासून त्यांनी चेहरा हा विषय प्रयोगशाळेत घेतला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नवी वस्तू आली की, आधी कानामागे, मग जबड्याखाली थोडी लावून काही दिवस थांबायचं. मगच गालावर. वास आला की वस्तू बाद. "सुगंध" हा शब्द वेष्टनावर दिसला की त्या दुकानदाराला ती अशी परत करत, जणू त्याने त्यांना सडकी मासळी दिली आहे. कोमट पाणी, गरम नाही, गार नाही. साबण नाही, त्याऐवजी फेस न होणारं सौम्य द्रव. साधं मॉइश्चरायझर. त्यावर पांढरट सनस्क्रीन, जस्ताचं, घरात बसायचं असलं तरी. डॉक्टरांनी दिलेलं औषध रात्री. आणि पुसायला आईच्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे, धुऊन धुऊन मऊ झालेले. त्या कापडाने चेहरा पुसायचा नाही. गालावर ठेवायचं, पाणी कापडात जाऊ द्यायचं, उचलायचं.

"घासू नका, टिपा." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून जितक्या वेळा ऐकलं तितकं दुसरं कुठलंच नाही. फळा पुसणाऱ्या मुलांना, काचेच्या परीक्षानळ्या धुणाऱ्या मुलींना, माझ्या ग्रंथालयात पावसाने ओल्या झालेल्या पुस्तकांवर फडकं फिरवणाऱ्या शिपायाला. एकदा एका पालकाशी बोलत असताना रागाने लाल झाल्या आणि मी पाण्याने भिजवलेला रुमाल पुढे केला, तर मलाही.

मेकअप त्या रोज करत नसत. पण करायला येत असे आणि फार चांगला येत असे. हे कोणाला माहीत नव्हतं, भाचीच्या लग्नापर्यंत.

भाचीचं लग्न आगरला होतं. हळदीच्या दिवशी बायका वाट्या घेऊन बाईंवर चालून आल्या. मोठी आत्या, मान तिचा. बाई अंगणात छत्री उघडून बसल्या होत्या. त्यांनी साडी घोट्यापर्यंत वर केली आणि पाय पुढे केले. "पायाला लावा. पाय तक्रार करत नाहीत."

"तोंडाला बोट तरी लावू दे गं," एक म्हातारी म्हणाली.

"तोंडाला लावलंत तर उद्या लग्नात लोक नवरी सोडून माझ्याकडेच बघतील. चालेल?"

वहिनींनी तोंड फिरवलं. पायांना हळद लागली. दुसऱ्या दिवशी डहाणूहून पार्लरवाली मुलगी आली, नवरीबरोबर आत्यालाही तयार करायला. तिने पेटी उघडली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं आधी स्क्रब करू, मग ब्लीच, मग बेस मस्त बसेल."

"बसेल कशावर? कातडी ठेवशील का?"

मुलगी हसली, तिला वाटलं बाई विनोद करतायत. बाईंनी आपली पिशवी काढली. पिशवीत एक हिरवट क्रीमची छोटी डबी होती. मुलीने नाक मुरडलं. "ग्रीन? मॅडम, चेहरा भुतासारखा दिसेल."

"लाल आणि हिरवा एकमेकांना मारतात, हे तुला शिकवलं नाही का कोणी? की फक्त चोळायला शिकवलं?"

मग त्यांनी स्वतः केलं. अनामिकेच्या टोकाने हिरव्याचा अगदी पातळ थर, फक्त गाल आणि नाकपुड्यांच्या कडेला. थांबल्या. मग त्वचेच्या रंगाचं, बिनवासाचं, पातळ. चोळलं नाही. बोटाने ठोकत ठोकत बसवलं, दोन थर लागतील तिथे दोनच. पावडर नाही. मुलगी बघत राहिली. मी तिथे पाहुणी होते, मीही बघत राहिले. लाली होती तिथेच होती, पण आता ती बाईंची खाजगी गोष्ट झाली होती. वहिनी आत येऊन म्हणाल्या, "एवढं येतं तर रोज का नाही करत? लोक काय काय बोलतात."

"लोक बोलतात त्यावर मी पैसे का घालू?" बाई म्हणाल्या.

लोक बोलत होतेच. डहाणू-तलासरीत लाल नाक म्हणजे एकच गोष्ट. ज्या तालुक्यात ताडाच्या झाडाला सकाळी माणूस चढलेला दिसतो आणि हद्दीपलीकडे काही कोसांवर दमण आहे, तिथे लाल चेहऱ्याला दुसरं कारण असू शकतं हे कोणाच्या डोक्यात येत नाही. बाई अविवाहित, फटकळ, आगरच्या. तिकडे तर पितातच, असं बोलणारे लोक आगरला कधी गेलेलेही नसत. चुरी सर दर शनिवारी दमणला जात आणि सोमवारी पहिल्या तासाला मुलांना वाचन देऊन डोळे मिटून बसत. त्यांचं नाक मात्र कायम चंदनाच्या खोडासारखं. दारू चेहऱ्यावर दिसतेच असं नाही. चेहऱ्यावर दिसतं ते दारूचंच असतं असंही नाही. ही दोन वाक्यं कोणत्याही तर्कशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या पानावर सापडतील. आमच्या ग्रंथालयात असं एक पुस्तक आहे. ते कोणी नेलेलं मला आठवत नाही.

मुख्याध्यापक निवृत्त व्हायला आले तेव्हा सेवाज्येष्ठतेने जागा बाईंची होती. बाईंना ती हवी होती. हे त्या कबूल करत नसत, पण मला माहीत होतं. कारणही माहीत होतं. आमच्या प्रयोगशाळेत नळ नव्हता. मुलं पुस्तकातले प्रयोग मोठ्याने वाचत आणि पुढच्या प्रयोगाकडे जात. "पाण्याशिवाय रसायनशास्त्र म्हणजे स्वयंपाकाविना पाककृती," बाई म्हणत. खुर्ची मिळाली की पहिली गोष्ट नळ, हे त्यांनी ठरवलं होतं. नळ कुठल्या भिंतीला, सिंक कुठे, सांडपाणी कुठून जाईल, हे त्या बसमध्ये बोटाने समोरच्या सीटच्या पाठीवर काढून दाखवत.

त्याच सुमारास क्रीडामहोत्सव झाला. बाई दिवसभर मैदानावर होत्या, कारण खो-खोची पंचगिरी दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं. पंचाला छत्री धरता येत नाही. दुपारी संस्थेचे अध्यक्ष आले. घोलवडकडचे, चिकूच्या वाड्या असलेले, मराठीत गुजराती मिसळून बोलणारे भले गृहस्थ. भले म्हणजे ज्यांनी कधी काही वाचलं नाही आणि ज्यांचं त्यावाचून काही अडलं नाही. चुरी सर त्यांना वडा आणि कढत चहा देत होते. बाई मैदानातून आल्या, चेहरा पेटलेला, डोळे लाल. अध्यक्षांनी चुरी सरांकडे बघितलं. चुरी सरांनी फार दुःखाने मान खाली घातली. त्या मानेने जे काम केलं ते शंभर शब्दांनी झालं नसतं.

आठवड्याभरात शाळेत निरोप आला. मुख्याध्यापक नेमण्याआधी संस्था बाईंशी बोलणार आहे. विषय निरोपात नव्हता, पण शिपायालाही माहीत होता.

भेटीच्या दिवशी बाई सकाळी ग्रंथालयात आल्या. माझी खोली उत्तरेकडची, थंड. त्यांनी दार लोटून घेतलं आणि पिशवी काढली. कोमट पाणी त्यांनी थर्मासमधून आणलं होतं. तोंड धुतलं, लुगड्याचा तुकडा गालावर ठेवला, उचलला. मॉइश्चरायझर लावून पुस्तक वाचत बसल्या, ते जिरेपर्यंत. मग सनस्क्रीन. मग हिरवी डबी.

"तुम्ही लपवताय?" मी विचारलं. मला ते आवडलं नव्हतं.

"लपवत नाही. त्यांना विज्ञान कळत नाही, रंग कळतो. त्यांच्या इयत्तेप्रमाणे शिकवते आहे."

बोटाचं टोक गालावर पडत होतं, उठत होतं. दाराबाहेर मुलं पाढे म्हणत होती. बाई तयार झाल्या तेव्हा चेहरा शांत, एकरंगी, रोजच्या साध्या शिक्षिकेचा होता. त्यांनी आरशात बघितलं ते स्वतःला नाही, काम नीट झालं का ते.

तासाभराने परत आल्या. खुर्चीवर बसल्या.

"काय झालं?"

"मला मुख्याध्यापक केलंय." त्यांनी लुगड्याचा तुकडा काढला आणि घडी घालत राहिल्या. "अध्यक्ष म्हणाले, सारू, सारू, आता चेहरा कसा चोख्खा दिसतो. सुटली म्हणायची. चुरी सर म्हणाले, मॅडमनी मनावर घेतलं. मी विचारलं, काय सुटली? तर सगळे समजूतदारपणे हसले."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, बेन, नाव काय पण असू दे, सुटली ना." मग म्हणाल्या, "अजून आहे. पुढच्या महिन्यात शाळेत व्यसनमुक्तीची सभा आहे. तिथे माझी नेमणूक जाहीर करणार. आणि मी माझा अनुभव सांगायचा."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. त्या महिन्यात बाई बसमध्ये फारशा बोलल्या नाहीत. समोरच्या सीटच्या पाठीवर नळही काढला नाही. एकदा विवळवेढ्याची कमान मागे पडल्यावर म्हणाल्या, "दहा मिनिटं गप्प बसायचं आहे फक्त. खोटं बोलायचंसुद्धा नाही. आभार मानायचे आणि खाली बसायचं. नळ येतो."

"मग?"

"मग त्या नळाचं पाणी पिऊन मुली मोठ्या होणार, आणि त्यांना कोणीतरी सांगणार की हा नळ दारू सोडलेल्या बाईंनी आणला."

सभा मैदानात मांडव घालून झाली. पत्र्याखाली उकाडा. पंखे व्यासपीठावर, मुलं खाली जमिनीवर. तालुक्यातले मान्यवर आले होते, त्यांतल्या काहींच्या तोंडाला सकाळीच बडीशेपेचा वास होता. एक समुपदेशकही बोलावले होते, गळ्यात ओळखपत्र. बाई आल्या त्या धुतलेल्या, उघड्या चेहऱ्याने. फक्त सनस्क्रीन, तेही घामाने उतरत होतं. व्यासपीठावर बसेपर्यंत गाल आणि नाक कुंकवासारखे झाले होते. अध्यक्षांनी बघितलं आणि खुर्ची थोडी सरकवून घेतली.

बाई माईकसमोर उभ्या राहिल्या.

"मला अनुभव सांगायला सांगितलंय. दारूचा अनुभव मला नाही. व्यासपीठावर ज्यांना आहे त्यांनी तो सांगावा, मुलांचा फायदा होईल. माझा चेहरा लाल आहे, तो तुम्हाला दिसतो आहे. हा त्वचेचा आजार आहे. त्याला रोझेशिया म्हणतात. तो उन्हाने वाढतो, तिखटाने वाढतो, उकाड्याने वाढतो आणि मूर्ख माणसांत बसल्याने वाढतो. म्हणून आज जास्त आहे."

मुलं हसली. आधी मागची, मग सगळी.

"तुमच्या घरात कोणाचा चेहरा असा असेल, तर त्याला लिंबू चोळू नका. दुकानातून गोरं करायची ट्यूब आणू नका. डॉक्टरकडे न्या. आणि तो पितो असं गावभर सांगू नका. घासू नका, टिपा. एवढंच."

त्या खाली बसल्या. टाळ्या मुलांनी वाजवल्या. मला वाटलं, संपलं. इतकं सोपं, इतकं स्वच्छ बोलल्यावर कोणाला काय शंका राहणार? मी पुस्तकांत वाढलेली बाई आहे, मला असं वाटणं साहजिक होतं.

मग समुपदेशक उठले. त्यांनी फार मृदू आवाजात सांगितलं की, मॅडमच्या धाडसाचं कौतुक करायला हवं. पण आपण एक लक्षात घ्या, व्यसनी व्यक्ती नेहमी सर्वात आधी व्यसन नाकारते. नाकारणं हेच त्याचं लक्षण आहे. आपण त्यांना प्रेमाने समजून घेऊ या. अध्यक्षांनी मान हलवली. चुरी सरांनी परत तीच मान खाली घातली. एका माणसाला ओळखपत्र आणि एक वाक्य मिळालं की, त्याला डोळ्यांची गरज उरत नाही.

नेमणूक त्या दिवशी जाहीर झाली नाही. बाईंचं "पुन्हा सुरू झालंय" असं ठरलं, आणि चुरी सरांना प्रभारी केलं गेलं. प्रभारी म्हणजे तात्पुरते. ते अजून प्रभारीच आहेत. मी बाईंना म्हटलं, कायदा तुमच्या बाजूने आहे, दाद मागा. त्या म्हणाल्या, "म्हणजे न्यायाधीशासमोर तोंड उघडून वास देऊ? त्या खुर्चीसाठी? चुरी बसलाय तिथे, आता ती घासूनच धुवावी लागेल."

चुरी सरांनी शाळेला कमान बांधली. तिच्यावर देणगीदारांची नावं आहेत, त्यांत अध्यक्षांचं सर्वात मोठं. प्रयोगशाळेत नळ नाही. बाई घरून थर्मास आणत आणि मुलींना त्यातल्या पाण्याने लिटमस कागद भिजवून दाखवत. मुलींची रांग लागायची. त्यांच्यातली एखादी गालाला हात लावून विचारायची, बाई, माझ्यापण इथं लाल होतं. बाई तिला खिडकीशी नेत, चष्मा वर करून बघत, आणि "हा नायटा आहे, आईला घेऊन दवाखान्यात जा, हळद फासू नको," असं काही सांगत. त्यांच्याशी बोलताना मात्र चेहरा पेटत नसे. हे मी पुष्कळदा पाहिलं.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना गेल्या. घरीच, दुपारी जेवण झाल्यावर, खुर्चीत. हृदय होतं म्हणे. वहिनींचा फोन आला तेव्हा मी डहाणूतच होते. रिक्षाने आगरला पोचले तोवर बायका जमल्या होत्या. बाईंना चटईवर ठेवलं होतं. वहिनी पदर ओला करून त्यांचं तोंड पुसत होत्या, जोरजोराने, भांडं घासावं तसं. रडतही होत्या, त्यामुळे हात आणखी जड पडत होता.

"वहिनी," मी म्हटलं, "घासू नका. टिपा."

त्यांनी वर बघितलं. "आता काय होणार हाय त्यांना?"

"काही नाही. तरी टिपा."

वहिनींनी माझ्याकडे तसंच बघितलं जसं त्या बाईंकडे बघत. मग पदराचं टोक दुमडलं आणि टिपू लागल्या. आधी कपाळ, मग गाल, मग नाकाच्या कडा. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता, कपाळापासून हनुवटीपर्यंत एकसारखा. लालीचा ठिपकाही नव्हता. मागे बसलेली एक बाई म्हणाली, "बघा, शेवटी कसा उजळला." दुसरी हळूच म्हणाली, "सुटली होती ना."

चुरी सर हार घेऊन आले होते. त्यांनी तो घातला, हात जोडले आणि मागे सरकून घड्याळ बघितलं.

उचललं तेव्हा ऊन अजून तापलेलंच होतं. अंगणापासून रस्त्यापर्यंत सावली नाही. खुंटीला छत्री होती. मी ती काढली, उघडली आणि डाव्या बाजूने, बाईंच्या चेहऱ्यावर सावली पडेल अशी धरून चालू लागले. बायका मागे थांबल्या, मी रस्त्यापर्यंत गेले. चुरी सर शेजारून चालत होते. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, छत्री कशाला? पाऊस कुठाय?"

रस्ता आला. छत्रीच्या कडेखाली मला बाईंचं कपाळ आणि नाकाचा शेंडा एवढंच दिसत होतं, सावलीत, कोरडं. मग मी थांबले, माणसांनी वळण घेतलं आणि तेही दिसेनासं झालं.